गणपती मॉरिशसचा, तयारी बसवनगुडीची

बसवनगुडीत राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना दोड्ड गणपतीचे सान्निध्य सोडून ऐन चतुर्थीला परदेशी जाणे जिवावर येते. तरीही निवृत्तीनंतरच्या पहिल्याच भाद्रपदात आम्ही उभयतांनी मॉरिशस गाठले. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी जपलेला गणेशोत्सव पाहण्याची फार दिवसांची इच्छा होती. तेथे चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

पहिल्याच रात्री मात्र फजिती झाली. हॉटेलात अनामत रक्कम भरताना आमचे डेबिट कार्ड नाकारले गेले. खात्यात पैसे होते. पण कार्डाची आंतरराष्ट्रीय सुविधा आम्ही सुरूच केली नव्हती. ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी दिली जातात; परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. ॲपवरून तो सुरू करावा, तर फोनला रोमिंग नव्हते आणि ओटीपी येईना. सौभाग्यवतींनी पर्समध्ये वेगळे ठेवलेले डॉलर त्या रात्री कामी आले.

या अनुभवातून सुचलेल्या काही सूचना :

पैसा : कार्डाची आंतरराष्ट्रीय सुविधा, खर्चाची मर्यादा आणि रोमिंग घरूनच तपासावे. फोरेक्स कार्ड, डेबिट कार्ड आणि थोड्या नोटा अशी विभागणी करून त्या दोघांच्या सामानात ठेवाव्यात. १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये यूपीआय आणि रुपे यांची सोय झाली आहे. परंतु ती प्रत्येक दुकानात असेलच असे धरून चालू नये. तेथील चलनही 'रुपया'च असले, तरी त्याचे मूल्य आपल्या रुपयाहून अधिक आहे. पदार्थाची किंमत वाचताना हे विसरू नये.

सामान : गांधी बझारमधून घेतलेली दूर्वांची जुडी आम्ही निघताना शेजाऱ्यांकडे ठेवली, ते बरे झाले. रोपे, बिया, फळे आदी वनस्पतिजन्य वस्तूंवर तेथे कडक निर्बंध आहेत. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी. काही वेदनाशामकांवर तेथे नियंत्रण आहे. विजेसाठी ब्रिटिश पद्धतीच्या तीन पिनांचा ॲडॅप्टर घ्यावा.

काळ व हवामान : मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने आपल्या भाद्रपदात तेथे हिवाळा सरत असतो, संध्याकाळी स्वेटर लागतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ होय. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, हे बँकेला फोन करताना ध्यानात ठेवावे.

पाहावे असे : पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाट आवर्जून पाहावा. मजूर येथेच उतरत. २००६ मध्ये या स्थळाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तेथील दगडी पायऱ्यांपाशी उभे राहिले की आपली फजिती अगदी क्षुल्लक वाटते. त्या माणसांपाशी ना कार्ड होते, ना परतीची शाश्वती. तरी त्यांनी गणपती टिकवला. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आजही मराठी शिकवली जाते.

विसर्जनाच्या दिवशी समुद्रकिनारी 'मोरया'चा गजर ऐकला आणि क्षणभर बसवनगुडीतच असल्याचा भास झाला. आपणही अवश्य जावे. मात्र निघण्यापूर्वी आपल्या शाखेत एक फेरी मारावी.