अपंग-क्रीडा
अपंग-क्रीडा : शारीरिक, दृष्टिविषयक वा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींना समान भूमिकेवरून भाग घेता यावा, म्हणून नियम, साधने व क्रीडांगण यांत अनुरूप फेरबदल करून खेळले जाणारे क्रीडाप्रकार.

आधुनिक अपंग-क्रीडेचा पाया जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयास आलेले तंत्रिकाविकारतज्ञ लूटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी घातला. मेरुरज्जूस इजा झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल रुग्णालयात उघडलेल्या विभागात त्यांनी खेळ हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनदिनी, तेथे चाकाच्या खुर्चीवरील १६ स्पर्धकांचे धनुर्विद्येचे सामने झाले. १९५२ मध्ये डच खेळाडू आल्याने त्यांना आंतरराष्ट्रीय स्वरूप लाभले. १९६० चे रोम येथील सामने पहिले पॅरालिंपिक मानले जातात. अंध व अवयवविच्छेदित खेळाडूंना त्यांत १९७६ पासून प्रवेश मिळाला.

नियमांतील फेरबदलाने खेळातील चुरस कमी होत नाही. चाकाच्या खुर्चीवरील टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात. बाकीचे नियम बहुतांशी नेहमीचेच असतात. गोलबॉल हा अंधांसाठीच निर्माण झालेला खेळ असून त्यातील चेंडूत घुंगरे असतात. दृष्टीतील फरक राहू नये, म्हणून सर्व खेळाडूंचे डोळे झाकतात आणि चेंडूचा आवाज ऐकू यावा, म्हणून प्रेक्षक शांतता पाळतात. चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये खेळाडूच्या हालचालीच्या क्षमतेनुसार त्यास १ ते ४·५ गुण देतात व मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ हून अधिक होऊ देत नाहीत. त्यामुळे तीव्र अपंगत्व असलेल्या खेळाडूसही संघात स्थान मिळते.

१९६५ च्या युद्धात जखमी झालेले महाराष्ट्रातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडल्‌बर्ग येथे ५० मी. मुक्त जलतरणात भारतास पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०२४ च्या पॅरिस सामन्यांत भारताने २९ पदके जिंकली.

तथापि अपंग-क्रीडेची खरी कसोटी शालेय क्रीडांगणावर लागते. व्यायामाच्या तासाला अपंग मुलास कडेला बसवून गुण मांडावयास लावणे, हा सहभाग नव्हे. प्रवेशद्वाराशी उतार, आवाज करणारा चेंडू, लहान मैदान अशा अल्पखर्चाच्या सोयींनी त्यास वर्गमित्रांबरोबर खेळता येते. भारतातील २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने क्रीडासुविधा सर्वांस वापरता येतील अशा करण्याची तरतूद केल्यामुळे अशा सोयी दयेचा नव्हे, तर हक्काचा भाग ठरतात.