व्हिपल रोग : जीवाणू एक, रूपे अनेक

ट्रोफेरिमा व्हिपली या जीवाणूमुळे होणारा व्हिपल रोग हा आतड्याचा अत्यंत विरळा विकार होय. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जॉर्ज व्हिपल यांनी 1907 साली त्याचे प्रथम वर्णन केले. रुग्णाच्या आतड्यात व लसिका ग्रंथींत मेदाचे साठे आढळल्याने त्यांनी हा मेदाच्या चयापचयाचा दोष मानला. (व्हिपल यांना 1934 चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रक्तक्षयावरील संशोधनासाठी.) जीवाणूची जनुकीय ओळख 1990 च्या दशकाच्या प्रारंभी पटली आणि 2000 साली फ्रान्समधील मार्सेय येथे तो प्रयोगशाळेत सातत्याने वाढविता आला. त्यानंतरच रोगाच्या वर्गीकरणाला निश्चित आधार लाभला.

आज त्याची चार रूपे मानली जातात. पहिले अभिजात रूप. यात सांधेदुखी प्रथम येते आणि अतिसार, वजनातील घट व अन्नशोषणातील बिघाड ही लक्षणे कित्येक वर्षांनी प्रकटतात. मध्यमवयीन पुरुषांत ते अधिक आढळते. या मधल्या काळात रुग्णावर संधिवात समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेल्यास रोग बळावतो. वर्गीकरण हा केवळ पुस्तकी विषय नाही, तो इथे.

दुसरे स्थानिक रूप. यात आतडे निरोगी असते, तर हृदयाची झडप, मेंदू किंवा एखादा सांधा बाधित होतो. झडपेचा दाह झाला तरी रक्ताच्या नेहमीच्या संवर्धन चाचणीत जंतू सापडत नाही. तिसरे तीव्र रूप अल्पकालीन असते. लहान मुलांतील अतिसार आणि सेनेगलच्या ग्रामीण भागातील ताप यांच्याशी या जीवाणूचा संबंध 2010 च्या सुमारास दाखविण्यात आला. चौथा प्रकार लक्षणविरहित वाहकांचा; सांडपाण्याशी संबंधित काम करणाऱ्यांत त्यांचे प्रमाण अधिक आढळले आहे.

जीवाणूच्या जनुकीय प्रकारावरून रोगाचे रूप सांगता येत नाही. रुग्ण व वाहक यांच्यातील भेद बहुधा व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीत असावा. त्यामुळे केवळ विष्ठेत जीवाणूचे डीएनए सापडणे म्हणजे रोग नव्हे. अभिजात रूपाच्या निदानासाठी लहान आतड्याच्या ऊतीचा नमुना घेऊन त्याचे पीएएस पद्धतीने रंजन करतात. तेव्हा मॅक्रोफेज या भक्षक पेशी गडद किरमिजी दिसतात. एचआयव्हीबाधितांत क्षयजंतूच्या कुळातील काही जीवाणूही असेच चित्र निर्माण करतात. परंतु ते आम्लस्थायी असल्याने वेगळ्या रंजनाने ओळखता येतात. स्थानिक रूपात नमुना बाधित अवयवातूनच घ्यावा लागतो.

भारतातही या रोगाचे मोजके रुग्ण नोंदले गेले आहेत. मात्र येथे दीर्घकालीन अतिसार व वजनातील घट दिसल्यास आतड्याच्या क्षयाचा विचार प्रथम होणे स्वाभाविक आहे.

अभिजात रूपात सामान्यतः दोन आठवडे सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेवाटे व त्यानंतर सुमारे वर्षभर को-ट्रायमोक्झॅझोल देण्याची पद्धत आहे. उपचार न झाल्यास हे रूप प्राणघातक ठरते. वाहकास मात्र औषधाची गरज नसते.