डोळ्यातले स्टेरॉइड आणि चढता दाब

मधुमेहामुळे पडद्याला सूज आली किंवा पडद्याची शीर तुंबली, की नेत्रतज्ज्ञ बहुधा आधी डोळ्यातली इंजेक्शने सुचवतात. ती घेऊनही सूज हटेना, तर ‘ओझुर्डेक्स’चे नाव निघते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.७ मिलिग्रॅम भरलेली, जेमतेम सहा मिलिमीटर लांबीची ही कांडी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सुईने आत सोडतात. तिथे ती हळूहळू विरघळते. अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळालेल्या या औषधाने असंख्य लोकांची नजर सावरली. मात्र काहींच्या डोळ्यातला दाब त्याने चढतो, आणि तो चढलेलाच राहिला तर काचबिंदू होऊ शकतो.

डोळ्यात पाणी सतत तयार होते आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपते. स्टेरॉइडमुळे या जाळीतल्या पेशी ताठर होतात, त्यांच्याभोवती फायब्रोनेक्टिनसारखी प्रथिने साचतात, साफसफाई मंदावते. मोरीच्या जाळीत गाळ अडकावा तसे पाणी तुंबते.

सगळ्यांचे असे होत नाही. १९६०च्या दशकात मन्सूर आर्माली आणि बर्नार्ड बेकर या अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी निरोगी लोकांच्या डोळ्यांत काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून पाहिले. बहुतेकांचा दाब फारसा हलला नाही, सुमारे एक तृतीयांश लोकांचा बेताचा वाढला, आणि शंभरात पाचेक जणांचा खूपच चढला. आधीच काचबिंदू असलेल्यांत मात्र जवळजवळ सगळ्यांचाच दाब वाढला. आजही धोका ओळखताना पहिला प्रश्न काचबिंदूचाच असतो, तो याचमुळे.

बाकीचे धोके फ्रान्समधल्या ‘सॅफोडेक्स’ अभ्यासाने नेमके दाखवले. कमी वय, पुरुष असणे, टाइप १ मधुमेह, डोळ्याच्या आतला दाह म्हणजे युव्हिआयटिस, शीर तुंबल्याचा इतिहास आणि दोन-तीन औषधांवर असलेला काचबिंदू, अशांच्या बाबतीत ओझुर्डेक्सनंतर दाब जास्त वाढला. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुन्हा कांडी घातल्याने मात्र धोका वाढलेला दिसला नाही. याशिवाय मोठा मायनस नंबर, आई-वडील किंवा भावंडांतला काचबिंदू आणि पूर्वी एखाद्या स्टेरॉइड थेंबाने वाढलेला दाब, हेही विचारायलाच हवे. लहान मुलांचा दाब तर मोठ्यांपेक्षा लवकर चढतो.

औषध कोणते आणि ते किती काळ पाझरते, यानेही मोठा फरक पडतो. फ्लुओसिनोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडचे ‘रेटिसर्ट’ शस्त्रक्रियेने बसवतात आणि ते सुमारे अडीच वर्षे औषध सोडते. तीन वर्षांत ७७ टक्के रुग्णांना दाबाची औषधे आणि ३७ टक्क्यांना दाबासाठी शस्त्रक्रिया लागली. ओझुर्डेक्सच्या तीन वर्षांच्या ‘मीड’ चाचणीत साधारण ४० टक्के रुग्णांना दाब उतरवणारे थेंब लागले, शस्त्रक्रिया मात्र शंभरात एकालाही नाही. म्हणून ‘स्टेरॉइड’ एवढे ऐकून उपचार नाकारणे चुकीचे आहे. कांडी बहुतेकांना पेलते. लक्ष द्यायचे ते वेळेवर दाब मोजण्याकडे.

शीर तुंबलेल्या रुग्णांवरच्या ‘जिनिव्हा’ चाचण्यांत दाब सर्वात जास्त आढळला तो साठाव्या दिवशी. तेव्हा १६ टक्के डोळ्यांत तो २५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून वर होता; एरवी २१ पर्यंतचा दाब सामान्य धरतात. सहा महिन्यांनी ही वाढ उरली नव्हती.

नेमक्या या दोन महिन्यांत रुग्णाला बरे वाटत असते. सूज उतरलेली, पेपरमधली अक्षरे दिसू लागलेली, डोळा दुखत नाही, लालही नाही. तालुक्याहून शहरात यायचे म्हणजे मुलाची सुट्टी, एसटीचा प्रवास आणि दिवसभराची रांग. मग तपासणी पुढे ढकलली जाते. दाब मोजायला मात्र दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि त्यासाठी कांडी घातलेले रुग्णालयच हवे असेही नाही. जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे सहा ते आठ आठवड्यांनी दाब मोजून आकडा शहरातल्या डॉक्टरांना फोनवर कळवला, तरी दाब उतरवणारा टिमोलॉलसारखा थेंब वेळेत सुरू करता येतो.