मळणी यंत्रात हात गेला, तर कागद कोणते आणि कुठे?



मळणीचा हंगाम आला, की कुठल्या ना कुठल्या गावात कुणाचा तरी हात यंत्राच्या तोंडात सापडतो. पेंढी सरकवताना बाही अडकते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं ते होऊन जातं. मग दवाखाना, उसनवारी, रडारड. अशा धांदलीत कागदाचं भान कुणाला राहणार? पण पुढं गाडं अडतं ते तिथंच.

म्हणून जखमी माणसाला दवाखान्यात धाडलं, की घरातल्या दुसऱ्या कुणीतरी त्याच दिवशी पोलीस पाटलाला कळवावं आणि जागेचा पंचनामा करून घ्यावा. केसपेपरवर ‘मळणी यंत्रात हात सापडला’ असं स्पष्ट लिहून मागा. नुसतं ‘हाताला जखम’ एवढंच लिहिलेलं असलं, तर अपघात कसा झाला हे पटवताना नाकी नऊ येतात.

हे कागद लागतात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेला. पूर्वी हे काम विमा कंपनीमार्फत चाले. २०२३ पासून शासन स्वतः अनुदान देतं. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा गेला, तर १ लाख रुपये. दोन अवयव गेले, तर २ लाख. सातबाऱ्यावरचा खातेदार आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती यात बसते. वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत करायचा. माणूस घरी येईस्तोवर महिना उलटून जातो, तेव्हा वाट बघत बसू नका. एखादा कागद कमी असला, तरी आधी जाऊन विचारून या.

आता दुसरी गोष्ट. ही पहिलीपासून अगदी वेगळी आहे आणि इथंच पुष्कळांची गफलत होते. अपघाताचं अनुदान एकदाच मिळतं. दरमहाच्या मदतीसाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. सेवा केंद्रात भरून देतात. मग शासकीय रुग्णालयात तपासणी होते. डॉक्टर टक्के ठरवतात ते अवयव किती काम करतो ते पाहून. घरात खाणारी तोंडं किती आणि कर्ज किती, हे त्यांच्या तक्त्यात नसतं. एखाद-दुसरं बोट गेलेल्या माणसाचे टक्के ४० च्या खाली भरतात आणि बहुतेक सवलती तर ४० पासून पुढं सुरू होतात. कमी टक्के मिळाले म्हणजे तुम्हाला कुणी खोटं ठरवलं, असं मनाला लावून घेऊ नका. पण एखादा अवयव तपासायचाच राहिला असं वाटलं, तर गप्पही बसू नका. प्रमाणपत्र नाकारलं, तर कारण लेखी मिळायला हवं. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ खाली अपिलाची सोय आहे. प्रमाणपत्र तात्पुरतं असलं, तर त्याची मुदत कधी संपते ते घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

४० टक्के किंवा वर असतील, तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. वय १८ ते ६५, राज्यात १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २५०० रुपये ठरले आहेत. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

अर्ज दिला, की पोच घ्या. ‘काम चालू आहे’ हे तोंडी उत्तर ऐकून रिकाम्या हाताने परतू नका. कशासाठी थांबलंय ते विचारा आणि त्या दिवशीची तारीख पोचेच्या मागं टिपून ठेवा. निकाल लागायला वेळ जातो. तेवढ्या दिवसांत घरधनी खचतो, जेवण टाकतो, चावडीवर बसायचं सोडतो. अशा वेळी त्याच्यासाठी खेटे घालणारा एक तरुण भाऊबंदकीतून नेमून द्या आणि सगळे कागद एकाच पिशवीत ठेवा. अस्सल कागद घरीच राहू द्या, अर्जाला झेरॉक्स जोडा. तपासणीला मात्र अस्सल घेऊन जा. आणि तपासणीचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर एस. टी.चं भाडं फुकट जातं.