जळक्या स्पीकरवरचा दिवा

माझ्या लेथचा दिवा गेली अकरा वर्षं एका जळक्या स्पीकरवर उभा आहे. विसर्जन मिरवणुकीत कॉइल जळालेला तो स्पीकर मी भंगारवाल्याकडून किलोच्या भावानं उचलला होता. त्याचा फाटका कागद आणि पत्र्याची बास्केट गेली, मागचा जड चुंबक तेवढा राहिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी छोटी शेड आहे. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि दाराशी ओतीव मालाचा ढीग. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून कास्टिंग येतं, टर्निंग-बोरिंग करून मी ते परत देतो. बोरिंग करताना टूल जॉबच्या पोटात शिरलेलं असतं. छताच्या ट्यूबचा उजेड तिथं पोहोचत नाही, आणि नुसत्या आवाजावर माप साधत नाही.

ट्यूबचा आणखी एक धोका आहे. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर सेकंदाला बरोबर १०० जबडे एका जागेवरून जातात. दर उजेडाला जबडा त्याच ठिकाणी दिसतो आणि फिरता चक थांबल्यासारखा भासतो. हात घालणाऱ्याला कळायच्या आत बोट गेलेलं असतं. म्हणून मशीनला स्वतःचा, न लुकलुकणारा दिवा हवा. तोही ट्रान्सफॉर्मरवरून २४ व्होल्टचा. पाणी, कूलंट आणि लोखंडाच्या जागी २३० व्होल्टची वायर लोंबकळत ठेवू नये.

दिवा ब्रॅकेटनं पक्का बसवला तर जॉब बदलला की तो चुकीच्या जागी येतो. चुंबकाची बैठक असली की पाहिजे तिथं उचलून ठेवता येतो. आता ही बैठक कशी करायची ते सांगतो.

स्पीकरच्या चुंबकाकडे नीट बघा. काळ्या रंगाची जाड कडी म्हणजे फेराइट. ती लोखंड नव्हे, एक प्रकारची चिनीमाती समजा. ड्रिल लावलं की तडकते. तिच्या मागं लोखंडी चकती असते आणि त्या चकतीतून मधोमध एक खुंट वर येतो. पुढच्या बाजूला दुसरी चकती, तिला मोठं भोक, आणि त्या भोकात खुंटाचं डोकं. दोघांच्या मधे एक-दोन मिलिमीटरची गोल फट. कॉइल या फटीत नाचते.

मी पहिल्यांदा फसलो तो इथंच. मागची बाजू सपाट आणि देखणी, म्हणून तीच मशीनला चिकटवली. पकड अगदीच मामुली. उलटं करून पुढची बाजू लावली, तर दोन्ही हातांनी ओढून सुटेना. कारण सोपं आहे. पुढची चकती हा एक ध्रुव आणि मधला खुंट हा दुसरा, दोन्ही एकाच तोंडावर. त्यावर लोखंड आलं की चुंबकीय प्रवाहाला चकतीतून लोखंडात आणि लोखंडातून खुंटात जायला पुरी वाट मिळते. मागच्या बाजूला दोन ध्रुव असे शेजारी येत नाहीत. चुंबक तोच, पण वाट मिळाली तरच तो धरतो.

बास्केटचे रिव्हेट छिन्नीनं हळू उडवा. चकत्या मात्र फेराइटपासून सोडवू नका, चुंबकाचा जोर कमी होतो. फटीतला बुरा चिकटपट्टीनं काढा आणि फट अॅराल्डाइटनं भरून रात्रभर ठेवा. खुंटाचं डोकं चकतीच्या किंचित वर किंवा खाली असतं. मागची चकती चकात धरून तोंडावरून हलके दोन कट मारले की सपाटी येते. बुरा सगळा चुंबकाला चिकटतो, फुंकून जात नाही. मी डब्यातल्या पोळीसोबत घरून कणकेचा एक गोळा मागवला होता. तो दाबून उचलला की बुरा त्याच्याबरोबर येतो. मग मागून खुंटात, फक्त खुंटातच, ६.८ मिलिमीटरचं ड्रिल मारून एम-८चा टॅप मारा. काही स्पीकरच्या खुंटाला आरपार भोक असतं, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्या आट्यात वाकवता येणारी नळी बसवली आणि टोकाला दिव्याचं डोकं लावलं की झालं.

आता हिशेब. दिव्याचं डोकं ३०० ग्रॅम, ते बैठकीच्या मधापासून ४५ सेंटिमीटर पुढं झुकलंय. बैठकीचा व्यास १० सेंटिमीटर, म्हणजे कड मधापासून ५ वर. दिवा कलंडतो तो या कडेवर. कडेपासून डोकं ४० सेंटिमीटर, म्हणून चुंबकाला ४० भागिले ५ म्हणजे आठपट जोर लावावा लागतो, साधारण २.४ किलो. एवढं ओतीव लोखंडावर सहज मिळतं.

उभ्या पृष्ठभागावर गणित बदलतं. तिथं दिवा सुटत नाही, घसरतो. घसरण अडवतं ते घर्षण, आणि लोखंडावर लोखंडाचं घर्षण ओढीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास धरावं. दहा किलोची ओढ असेल तर दोन किलोलाच घसरायला लागतं.

दिवा कशावर ठेवतो हेही महत्त्वाचं, हे शेडमधल्या नव्या पोरानं शिकवलं. त्यानं दिवा बेल्टच्या कव्हरवर चिकटवला आणि दहा मिनिटांत ओरडला, "मामा, दिवा पडला की ओ!" कव्हर एक मिलिमीटरचा पत्रा, वर दोन हात रंग. पत्रा म्हणजे अरुंद बोळ, सगळा प्रवाह त्यातून जात नाही. रंग म्हणजे मधली फट, आणि फट चुंबकाचा शत्रू. मी त्याला बैठकीखाली एक पोस्टकार्ड घालून ओढायला लावलं. "लईच ढिलं झालं की," म्हणाला. त्यानंतर तो बैठक हेडस्टॉकवर, रंग खरवडलेल्या जागी ठेवतो.

बाजारात डायल लावायचा मॅग्नेटिक स्टँड मिळतो, त्याला चालू-बंद करायची खुंटी असते. आत वीज नाही. दोन लोखंडी ठोकळे, मधे पितळेची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी, आणि पोटात फिरणारा चुंबक. खुंटी एका बाजूला असली की एका ठोकळ्यात उत्तर ध्रुव, दुसऱ्यात दक्षिण. मग प्रवाह खालच्या लोखंडातून जातो. पाव फेरा फिरवली की दोन्ही ध्रुव दोन्ही ठोकळ्यांत अर्धे-अर्धे पडतात, प्रवाह आतल्या आत फिरतो आणि स्टँड सुटतो. चुंबक कधीच बंद होत नाही, त्याची वाट बदलते.

याच्या उलट गोष्ट अलिबागची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली. तिथं पृथ्वीचं हलकं चुंबकत्व मोजायचं, म्हणून इमारतीतही लोखंड टाळलं. आमच्या उद्यमनगरात हात टाकाल तिथं लोखंड, त्यामुळे चुंबकाच्या दिव्याला जागेची टंचाई नाही.

निओडिमियमचे चुंबक १९८०च्या दशकात आले. बटणाएवढे असून जोर फार. पण साधे प्रकार ८० अंशांच्या पुढं शक्ती गमावू लागतात, दोन एकमेकांवर आदळले की तुकडे उडतात आणि मधे बोट आलं तर चेपतं. दिव्याला फेराइट पुरतं. पेसमेकर असलेल्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. बैठक लेथच्या बेडवर ठेवू नका, खाली अडकलेला बुरा घासला गेला की बेडला चरे पडतात. वर्निअर, बेअरिंग जवळ नको. चुंबकत्व चढलं की तेही बुरा ओढतात. काम संपलं की मी बैठकीला दुधाची रिकामी पिशवी घालतो. बुरा पिशवीवर बसतो आणि पिशवी उलटी करून काढली की बुराही जातो.

काढताना सरळ ओढू नका. नळीच्या बुडाला धरून कडेवर कलंडवा. मघाचा तो कडेवर कलंडण्याचा हिशेब इथं आपल्या बाजूनं कामाला येतो. आणि यंदा विसर्जनानंतर तुमच्या मंडळाचा स्पीकर जळालाच, तर कागद फेका, पण मागचं वजन भंगारात घालू नका.