मानवसदृश बुद्धी आणि पिढ्यांचा सहवास

मानवाखेरीज कोणत्या प्राण्यात मानवसदृश बुद्धी विकसित होणे संभवनीय आहे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मेंदूच्या आकारात शोधले जाते. उत्क्रांती ही मानवाकडे नेणारी शिडी नव्हे. म्हणून ‘पुढचा क्रमांक कोणाचा’ असे विचारणे सदोष होय. कोणत्या जीवनक्रमात ज्ञानाचा संचय होऊ शकेल, असे विचारणेच सयुक्तिक ठरेल.

प्रथम ऑक्टोपसचे उदाहरण घेऊ. त्याच्या आणि आपल्या वंशाची फारकत होऊन पन्नास कोटींहून अधिक वर्षे लोटली. तरीही सामान्य ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी मज्जापेशी असून त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश त्याच्या भुजांत आहेत. बरणीचे झाकण फिरवून आतील भक्ष्य काढणे तो शिकतो. परंतु त्याचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच. मादी उपाशी राहून अंडी राखते आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. तिने जे आत्मसात केले ते तिच्याबरोबरच लोपते.

न्यू कॅलेडोनियातील कावळ्याची स्थिती निराळी आहे. केवड्याच्या वर्गातील झाडांची काटेरी पाने कातरून तो हत्यारे बनवितो, हे गॅव्हिन हंट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. ऑक्सफर्ड येथे ठेवलेल्या ‘बेटी’ नामक मादीने सरळ तार वाकवून आकडा केल्याचा वृत्तांत २००२ मध्ये प्रकाशित झाला. या जातीची पिल्ले कित्येक महिने आईबापांसमवेत राहतात व त्यांची टाकलेली हत्यारे चोचीत धरून पाहतात.

जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये ‘इमो’ या दीड वर्षाच्या माकडिणीने रताळी पाण्यात धुण्यास प्रारंभ केला. ही रीत तिच्या सवंगड्यांत व मातेत, आणि कालांतराने पुढील पिढ्यांत रूढ झाली. रीत टिकली, तथापि एका सुधारणेवर दुसरी रचली जाऊन मानवी संस्कृतीसारखा संचय तेथे झाला नाही.

सारांश, केवळ व्यक्तिगत चातुर्य पुरेसे नाही. दीर्घ बाल्य, समूहजीवन व पिढ्यांचा सहवास यांचा योग कपिकुलात व काककुलात आढळतो, म्हणून त्यांचा संभव ऑक्टोपसहून अधिक मानावा लागतो. तुलनात्मक अभ्यासात मेंदूच्या वजनाबरोबर बाल्यकाळाच्या अवधीचीही नोंद होणे यासाठीच अवश्य आहे.