बावीस सेंटिमीटरचं डोकं

ऑक्टोबर २०१८. जपानच्या नागानो प्रांतात पंचविसावा आठवडाही पुरा न होता एक मुलगा जन्माला आला. वजन २५८ ग्रॅम. वाण्याकडून पाव किलो साखरेचा पुडा आणा, त्याहून आठ ग्रॅम जास्त, एवढंच. तिथल्या बालरुग्णालयात सहा महिने काढून एप्रिलमध्ये तो घरी गेला, तेव्हा सव्वातीन किलोंच्या पुढे होता.

आता त्याच्या बाळंतविड्याचा विचार करा. दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो. चोविसाव्या आठवड्यातल्या, वाढ नीट झालेल्या बाळाचा २२च्या आसपास. नागानोचं बाळ तर त्याहूनही लहान. दुकानातलं सगळ्यात छोटं टोपडं अशा बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरतं. म्हणून ही टोपडी कुणीतरी हातानं विणायची असतात, आणि जगभरच्या बायका ती विणून रुग्णालयांना देतात. जपानमध्येही असे हौशी हात आहेत. एकोणिसाव्या शतकात, एदो काळाच्या अखेरीस, तिथले कनिष्ठ सामुराई घरखर्च भागवायला मोजे आणि हातमोजे विणत असत, त्यामुळे हे काम फक्त बायकांचं, असं त्या देशात तरी कुणी म्हणू नये.

टोपडं कशासाठी? नवजात बाळाच्या शरीराच्या मानानं डोकं मोठं, त्यामुळे ऊब तिथून भराभर निघून जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कातडीखाली चरबीही नसते. पण खरं सांगायचं तर अगदी सुरुवातीला लोकरीच्या टोपीवर कुणी विसंबत नाही. जन्मताच बाळाला प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळतात, मग दमट, उबदार काचेची पेटी आपलं काम करते. टोपड्याची पाळी नंतर येते. बाळ पेटीबाहेर येतं, आईच्या उघड्या छातीवर कांगारूसारखं निजतं, तेव्हा.

विणणारीनं पाळायचे नियम कडक आहेत. मऊ आणि वारंवार धुता येईल असाच धागा. गोंडा नाही, बटण नाही, हनुवटीखाली नाडी तर मुळीच नाही. टोपी ताणली जाईल अशी, घेरापेक्षा किंचित कमी मापाची. आणि पहिला टाका घालण्याआधी त्या वॉर्डाला विचारायचं. संसर्गाच्या भीतीनं काही ठिकाणी हातची वस्तू घेतच नाहीत, आणि ते त्यांचं चुकत नाही.

हे मापाचं प्रकरण टोपीपाशी संपत नाही. जपानमध्ये १९४८पासून प्रत्येक गर्भवतीला मायलेकरांची एक नोंदवही मिळते. गर्भारपणातल्या तपासण्या, लसी, बाळाचं वजन, उंची, सगळं तिच्यात. पण वजनाचा आलेख सुरू व्हायचा एक किलोपासून. सहाशे ग्रॅमच्या बाळाच्या आईनं ठिपका द्यायचा कुठे? अमक्या महिन्यात मान धरली का, तमक्या महिन्यात बसलं का, या प्रश्नांपुढे तिनं किती वेळा ‘नाही’ लिहायचं? शिझुओकातल्या ‘पोको आ पोको’ या अशाच आयांच्या गटानं २०११मध्ये स्वतःची वही काढली. तिचा आलेख शून्यापासून सुरू होतो, आणि ‘हो-नाही’ऐवजी ते पहिल्यांदा कधी जमलं त्याची तारीख लिहायची असते. २०१८मध्ये शिझुओका प्रांतानं तशी वही अधिकृतपणे काढली, मग इतर प्रांतांनीही तीच वाट धरली. मला विचाराल तर वैद्यकाच्या बाहेर राहून जपाननं या बाळांसाठी केलेलं हे सगळ्यात शहाणं काम.

एवढ्या श्रीमंत, खात्यापित्या देशात इतकी हलकी बाळं का, हा प्रश्न मात्र उरतोच. तिथे साधारण दहातलं एक बाळ अडीच किलोंच्या खाली जन्मतं. १९७५च्या सुमारास विसातलं एक होतं. सरासरी वजनही ३.२ किलोंवरून तीनवर आलं. आईचं वाढलेलं वय हे एक कारण, जुळी-तिळी हे दुसरं. पण मुख्य बोट दाखवलं जातं ते तरुण बायकांच्या सडपातळपणाकडे आणि ‘लहान जन्माला घाला, मोठं वाढवा’ या जुन्या सल्ल्याकडे. रक्तदाबाच्या धास्तीनं डॉक्टरही पोटुशीला वजन आवरायला सांगत. आपल्याकडे दोन जिवांची म्हणून तुपाची धार सोडायची, तिथे वजनकाट्यावर ओरडा. अखेर २०२१मध्ये वजनवाढीची ही मर्यादा सैल झाली. पूर्वी सडपातळ गर्भवतीनं ९ ते १२ किलो वाढावं असं सांगत, आता १२ ते १५.